पडद्यावरचे तुकोबा, गाथेतले तुकोबा



जगद्गुरू तुकोबारायांच्या पालखीबरोबर तुम्ही चालला असाल, तर यवतचा मुक्काम तुमच्या लक्षात असेल. पिठलं-भाकरीचा प्रसाद घेऊन मंडळी जरा विसावतात. हरिपाठ झालेला असतो, कीर्तनाला अवकाश असतो. अशा मोकळ्या वेळी कुणीतरी टाळ हातात घेतो आणि मनाला येईल ते गाऊ लागतो. काही वर्षांपूर्वी आमच्या दिंडीत असेच झाले. एका वारकऱ्याने गोड गळ्याने ‘आधी बीज एकले’ म्हटले. चाल सर्वांना पाठ. बायाबापड्यांनी, म्हाताऱ्यांनी साथ दिली. गाणे संपले तेव्हा दिंडीतला एक शाळकरी मुलगा आमच्या विणेकऱ्यांना म्हणाला, “बाबा, यात शेवटी ‘तुका म्हणे’ कुठे आलं नाही. हा अभंग गाथेत कितवा?”

विणेकरी बाबांनी पन्नासाहून जास्त वाऱ्या केलेल्या. गाथा त्यांच्या उशाशी असते. त्यांनी चष्मा लावला आणि पाने उलटली, मागची सूची पाहिली. मग गाथा मिटून हसले आणि म्हणाले, “लेकरा, मी हे लहानपणापासून तुकोबांचं म्हणून गातोय. आज तू विचारलंस.”

त्या रात्री मुलाला जे उत्तर मिळाले नाही ते आज तुमच्यापुढे मांडतो. उत्तर एका गाण्यापुरते राहत नाही. संत आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, वाटेत त्यांच्या अंगावर काय चढले आणि काय गळून पडले, इथपर्यंत ते आपल्याला नेते.

‘आधी बीज एकले’ हे गीत तुकोबांचे नाही. ते शांताराम आठवले यांनी लिहिले. केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटासाठी ते तयार झाले. हा बोलपट डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईत लागला. तुकोबांच्या वैकुंठगमनाला तेव्हा २८६ वर्षे होऊन गेली होती. आठवल्यांनी तुकोबांची भाषा आणि अभंगाची लय इतकी आपलीशी केली होती की ऐकणाऱ्याला शंकाच आली नाही. असंख्य लोकांनी ते तुकोबांचे म्हणून मनात साठवले. आजही साठवतात. यात आठवल्यांचा काही दोष नाही. त्यांनी आपले लेखन कुणाच्या नावावर खपवले नाही; गीतात तुकोबांची मुद्रा घातली नाही. मुद्रा आपण आपल्या मनाने लावली.

हा बोलपट कुणी केला तेही ऐका. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या दोघांनी मिळून तो दिग्दर्शित केला. दोघे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले कलावंत. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात कंपनी निघाली तेव्हा तिच्या स्थापकांत दोघेही होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. फत्तेलाल मुसलमान, त्यांना सगळे प्रेमाने साहेबमामा म्हणत. शेख महंमदांना संतांच्या मांदियाळीत मानाने बसवणाऱ्या आपल्या संप्रदायाला यात नवल वाटायचे कारण नाही. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस आणि जिजाई झाल्या गौरी. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा बोलपट ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. इंद्रायणीकाठचा कुणबी वाणी मराठी न कळणाऱ्या माणसांनी पाहिला, आणि त्यांना तो कळला. हे ऋण आपण विसरू नये.

आता एक करा. क्षणभर डोळे मिटा आणि तुकोबांना आठवा. काय दिसले? डोक्याला पागोटे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीमाळ, हातात वीणा, अर्धे मिटलेले शांत डोळे आणि ओठांवर मंद हसू. तुमच्यापैकी पुष्कळांना हेच दिसले असेल. तुकोबांच्या हयातीत कुणी समोर बसून काढलेले आणि खात्रीने त्यांचेच म्हणता येईल असे चित्र आपल्यापाशी नाही. मग हा चेहरा आला कुठून? त्याचा बराचसा भाग विष्णुपंत पागनीसांचा आहे. पागनीस आधी नाटकांतून स्त्री-भूमिका करीत. ‘संत तुकाराम’नंतर त्यांची ओळख तुकोबांशी अशी जुळली की पुढे निघालेल्या कित्येक चित्रांतल्या तुकोबांवर त्यांच्या चेहऱ्याची छाया पडली. पागनीस १९४३ मध्ये गेले. चेहरा मात्र भिंतींवर राहिला, आणि त्याहून खोल, आपल्या ध्यानात राहिला. ज्याने तो बोलपट कधी पाहिला नाही, त्याच्याही ध्यानात तोच आहे.

कलेचे सामर्थ्य असे असते. ती आपल्याला सांगत नाही की हे मान. ती दाखवते, ऐकवते, आणि आपण मानू लागतो. उपदेश ऐकताना माणूस सावध असतो, मनात हो-नाही करीत असतो. गाणे ऐकताना तो सावध नसतो. म्हणून समाज काय थोर मानतो, कशाला हसतो, कुणाला साधू म्हणतो आणि कुणाला दुष्ट, हे ग्रंथांइतकेच, किंबहुना काही वेळा ग्रंथांपेक्षा जास्त, गाण्यांनी आणि चित्रांनी ठरते.

पण हे बोलपटापासून सुरू झाले असे समजू नका. ही वाट फार जुनी आहे.

तुकोबा कीर्तनाला उभे राहत, अभंग मुखातून येत, आणि संताजी जगनाड्यांसारखे टाळकरी ते लिहून घेत. पुढे वह्यांवरून वह्या उतरल्या. तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, राहुरीजवळच्या ताहाराबादचे महिपतीबुवा ओवीत संतचरित्रे लिहायला बसले. ‘भक्तविजय’ १७६२ चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा. आपल्या घराघरांतून ही पोथी लागली. तुकोबांच्या आयुष्यातले जे प्रसंग आज आपण तोंडपाठ सांगतो, त्यातले बहुतेक आपण महिपतींच्या ओवीतून घेतले आहेत. हरदासांनी आणि कीर्तनकारांनी ते रंगवले. पुढे छापखाना आला. १८६९ आणि १८७३ मध्ये मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची गाथा दोन भागांत निघाली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून ती सिद्ध केली. फडांवरच्या बासनांत असलेली गाथा आता दुकानात मिळू लागली. मग ध्वनिमुद्रिका आल्या, आकाशवाणी आली. पंडित भीमसेन जोशींची ‘संतवाणी’ आली. श्रीनिवास खळ्यांच्या चालींवर लताबाईंनी गायलेले ‘अभंग तुकयाचे’ आले. पुढे दूरदर्शन आणि आता हातातला मोबाईल.

या प्रत्येक साधनाने तुकोबांना नव्या घरी नेले. आणि प्रत्येकाने निवड केली. ही दुसरी गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. कुणाही भाविकाला दहा अभंग म्हणायला सांगा. ज्यांना चांगल्या चाली लागल्या आणि जे मोठ्या गायकांनी गायले, तेच बहुधा पुढे येतील. विठ्ठलाच्या रूपाचे येतील, आनंदाचे येतील. येऊ देत, ते अमृतच आहे. पण ढोंगी साधूवर कोरडे ओढणारे, सोवळ्याचा आव आणणाऱ्याला उघडे पाडणारे, दुष्काळात होरपळलेल्या संसाराचे, देवाशी उघड भांडणारे आणि स्वतःच्या मनाला चाबकाने मारणारे अभंग किती जणांना पाठ आहेत? त्यांना चाल लागली नाही, म्हणून ते मागे राहिले. मग हळूहळू आपल्या मनातले तुकोबाही मवाळ होत गेले. ज्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली ते सावकाराच्या घरचे तुकोबा मागे सरले. मंद हसणारे, कुणाला काही न बोलणारे तुकोबा पुढे आले. हे कुणी कपटाने केले नाही. गोड ते वाटेला लावले आणि कडू ते पोथीत ठेवले, एवढेच झाले.

आता जिजाईंची गोष्ट. इथे मला तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे, आणि त्यात मीही आलो.

आवली म्हटले की आपल्या मंडपात हशा पिकतो. कीर्तनकाराने आवाज बारीक केला, हात ओवाळले, नवऱ्याला घातलेल्या शिव्या म्हणून दाखवल्या, की समोरचे हजार लोक पोट धरून हसतात. मीही हसलो आहे. वर्षानुवर्षे हे ऐकून आपल्या मनात एक विश्वास बसला: साधूच्या घरी बायको कजाग असते आणि परमार्थात प्रपंचाची बाई आडवी येते. कुणी ग्रंथ वाचून हे मानले नाही. हसता हसता मानले. आणि मानले ते मंडपातच राहिले नाही. घरी कोणी बाई म्हणाली, “वारीला जाता ते ठीक, पण पेरणीचं काय?” तर तिला आपण सहज ‘आवली’ म्हणून मोकळे होतो.

आश्चर्य असे की ज्या बोलपटाबद्दल आपण बोलतो आहोत त्याने जिजाईंना अधिक न्याय दिला. गौरींनी उभी केलेली जिजाई भांडते, चिडते. लेकराच्या आजारपणाने संतापून हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरते. पण ती का भांडते ते आपल्याला दिसते. चूल तिला पेटवायची आहे. म्हैस तिला राखायची आहे. लेकरांच्या तोंडात घास तिला घालायचा आहे. नवऱ्याने जे देवावर टाकले ते तिच्या डोक्यावर आले. पाहणारा हसतो आणि हसता हसता गप्प होतो. एक कला जे बिघडवते ते दुसरी कला सुधारू शकते, याचे हे उदाहरण आहे.

आणि इतिहास काय सांगतो? तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. त्यांच्या पोटी नारायण महाराज जन्मले. त्याच नारायण महाराजांनी १६८५ मध्ये ज्ञानोबांच्या आणि तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. आज आपण लाखांनी ज्या सोहळ्यात चालतो, तो त्या माउलीच्या कुशीतून आला. बाप गेल्यावर ते पोर तिने वाढवले. पुढच्या वेळी मंडपात आवलीवर हशा पिकेल तेव्हा, माऊली, तुम्ही एवढे आठवा. तिने पदरचे पोर वाढवले नसते तर पालखी कुणी काढली असती?

कलेने आदर्श बदलतात हे खरे, पण ते आपोआप आचरणात उतरतात असे मात्र समजू नये. त्याचीही साक्ष पंढरीतच आहे. चोखोबांची समाधी महाद्वाराशी आहे. चोखोबांची कथा शतकानुशतके कीर्तनात रंगली. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. नाथांनी अंत्यजाच्या घरी जेवण घेतल्याची कथा महिपतींनी सांगितली, ती घरोघर वाचली गेली. आणि तरी चोखोबांच्या भाऊबंदांना महाद्वाराच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. कथा ऐकून रडणारेच दाराशी उभे होते. रडल्याने आपले कर्तव्य झाले असे त्यांना वाटत असेल काय? कलेचा हा एक मोठा धोका आहे. ती चांगुलपणाची चव देते आणि माणूस चवीवरच तृप्त होतो.

१९३५ मध्ये प्रभातनेच नाथांवर बोलपट काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक आणि नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. शिवाशिवीचा प्रश्न त्यात उघडपणे मांडला होता. बोलपटाचे नाव आधी ‘महात्मा’ ठेवले होते. सरकारी परीक्षकांना त्यात गांधीजी दिसले, आणि नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या संताची गोष्ट परक्या राजवटीला का बोचावी? कारण पडद्यावरची जुनी गोष्ट लोक आजच्या डोळ्यांनी पाहतात हे तिला कळत होते. त्यानंतर बारा वर्षांनी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला होता आणि बरोबर सेवा दलाचे कलापथक गाणी गात होते. शेवटी पांडुरंगाचे दार सर्वांना उघडले. बोलपटाने दार उघडले असे मी म्हणणार नाही. कीर्तने, पोथ्या, बोलपट, कलापथके यांनी मने नांगरली असतील. पण पेरणीला कुणाला तरी उपाशी बसावे लागले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या मुलाने विचारले होते, गाथेत कितवा? हा प्रश्न आपल्या संप्रदायात नवा नाही. फडावर कीर्तन ऐकताना तुम्ही पाहिले असेल, बुवा काही सिद्धांत मांडतात आणि लगेच प्रमाण देतात. मागे उभे असलेले टाळकरी ते प्रमाण उचलून धरतात. प्रमाण चुकले तर जाणकार माळकरी तिथल्या तिथे मान हलवतो. संतांच्या शब्दाच्या आधाराशिवाय बोलू नये ही आपली जुनी शिस्त आहे. ती आपण बुवांना लावतो. ती पडद्याला, कॅसेटला आणि मोबाईलला लावायला मात्र विसरतो.

याहून थोर उदाहरण नाथांचे. ज्ञानेश्वरी १२९० साली सांगितली गेली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरली जात होती. उतरणाऱ्याने कुठे शब्द बदलला, कुणी भक्तीच्या भरात आपली ओवी घातली. भाव चांगला होता, पण ज्ञानोबांचा शब्द त्यात बुडत चालला होता. १५८४ मध्ये नाथांनी अनेक प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. शेवटी त्यांनी बजावलेही, की यात कुणी आपली ओवी घालू नये. अमृताच्या पानात करवंटी वाढल्यासारखे ते होईल. नाथांना स्वतः ओव्या लिहिता येत नव्हत्या काय? त्यांनी हजारो लिहिल्या, पण त्या आपल्या नावाने लिहिल्या. ज्ञानोबांच्या ताटात त्यांनी आपले काही वाढले नाही. पारखणे म्हणजे अश्रद्धा असे ज्यांना वाटते, त्यांनी नाथांकडे पाहावे. नाथांची भक्ती थोर होती म्हणून त्यांनी पारख केली.

आणि तुकोबांचे काय? ‘संत तुकाराम’ बोलपटातला खलनायक सालोमालो तुम्हाला आठवत असेल. तुकोबांचे अभंग आपलेच आहेत असा कांगावा तो करतो. हे नाव बोलपटवाल्यांनी कल्पनेने घेतलेले नाही. गाथेत सालोमालोचा उल्लेख आहे. दुसऱ्याच्या शब्दांवर आपली मुद्रा ठोकून मिरवणाऱ्यांवर तुकोबांनी तिथे शब्दांचे फटके ओढले आहेत. म्हणजे शब्द कुणाचा, हा प्रश्न खुद्द तुकोबांना जिव्हाळ्याचा होता. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या अभंगांवर दुसऱ्याची नावे लागत होती.

आज उलटा सालोमालो आला आहे. तो दुसऱ्याच्या शब्दांवर तुकोबांची मुद्रा ठोकतो. एकादशीला सकाळी मोबाईल उघडा. विठ्ठलाचे सुंदर चित्र असते, खाली चार ओळी असतात आणि शेवटी ‘तुका म्हणे’. भाषा कालपरवाची असते. कधी त्यात कुणाचा उपदेश घुसडलेला असतो, कधी कुणाबद्दलचा द्वेष. चित्र पाहून आपण हात जोडतो आणि बोट पुढे सरकवून दहा जणांना पाठवतो. ते दहा शंभरांना पाठवतात. आठवल्यांच्या गीताने निदान तुकोबांच्या विचाराशी इमान राखले होते. एकातून अनेक आणि अंती पुन्हा एकच, हा भाव संतांच्याच घरचा आहे. हे चार ओळींचे चिटोरे कुणाच्या घरचे आहे ते कुणालाच ठाऊक नसते. तुकोबांच्या नावाने जे उद्या आपल्या नातवंडांच्या मनात बसेल, ते आज आपल्या बोटाने पुढे जात आहे.

मग काय करावे? बोलपट पाहू नये, गाणी ऐकू नयेत? असे मी कसे म्हणेन? संतांनी स्वतः भारुडे लिहिली, सोंगे आणली, गवळणी रचल्या. नाथांनी जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या रूपात परमार्थ सांगितला. कला हे आपले जुने अवजार आहे. पण शेतकरी अवजार वापरतो तेव्हा त्याची धार पाहतो, दांडा सैल झाला का ते पाहतो. तेवढेच आपण करू.

चित्र आवडले तर नमस्कार करा, आणि मनात एवढे ठेवा की हा चेहरा कुणा कलावंताचा आहे, तुकोबा त्यामागे आहेत. गाणे आवडले तर गा, आणि ते कुणाचे आहे ते पोरांना सांगा. ‘आधी बीज एकले’ आठवल्यांचे म्हणून गायले तर त्याची गोडी कमी होत नाही. उलट एका भल्या कवीचे ऋण फिटते. ‘तुका म्हणे’ असलेली ओळ मोबाईलवर आली तर पुढे पाठवण्याआधी गाथेची सूची उघडा. नसेल सापडत तर थांबा. आणि आठवड्यात एक अभंग असा वाचा, ज्याला चाल नाही, जो कुणी गात नाही, जो वाचून थोडे टोचते. देहूच्या गाथा मंदिरात भिंतींवर अभंग कोरलेले आहेत. तिथे गेलात तर ओळखीच्या अभंगापुढे फोटो काढून परतू नका. अनोळखी अभंगापुढे दोन क्षण उभे राहा.

त्या यवतच्या रात्रीनंतर आमच्या दिंडीत एक नवी रीत पडली. मोकळ्या वेळी कुणी काही गायले की ते पोर गाथा घेऊन बसते. सापडला अभंग तर क्रमांक मोठ्याने सांगते आणि सगळे म्हणतात, “पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!” नाही सापडला तर विचारते, “मग कुणाचा?” विणेकरी बाबा आता थकले आहेत, पुढच्या वर्षी पायी येतील की नाही सांगता येत नाही. गेल्या वारीला ते मला म्हणाले, “माझी वीणा कुणी घेईल त्याची मला काळजी नाही. विचारणारा तयार झाला, हे बरं झालं.”

माऊली, तुमच्याही दिंडीत, तुमच्याही घरात असे एखादे पोर असेल. त्याने विचारले तर रागावू नका. गाथा त्याच्या हातात द्या.

रामकृष्ण हरी.